जवाब घरी जाऊन सांगायचा

आमच्या हॉस्पिटलच्या नव्या इमारतीत शिरलं की डाव्या हाताला एक भला मोठा फलक दिसतो. वर सोनेरी अक्षरांत 'वैद्यकीय संशोधनातील योगदान' आणि खाली डॉक्टरांची नावं, कुणी काय शोधलं त्यासकट. एकदा गुजरातीत, एकदा इंग्रजीत. पेशंटची माणसं त्या फलकाला पाठ टेकून डबा खातात. आमच्या साहेबांचंही नाव आहे त्यावर, पण अगदी खाली, झाडाच्या कुंडीआड. ती कुंडी मी बऱ्याचदा सरकवली. झाडूवाली मावशी ती परत जागेवर आणून ठेवते. आता मी नाद सोडलाय.

फलक म्हणतो, साहेबांनी पावसाळी तापांवर काम केलं. केलंच, कोण नाही म्हणतंय! पण अगदी शेवटी अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी एक काम केलं, ते त्यावर नाही. मला विचाराल तर तेच मोठं. पण मला विचारतंय कोण? मी तिथला टेक्निशियन.

साहेब पॅथॉलॉजीचे डॉक्टर होते. म्हणजे पेशंट त्यांना कधी बघत नाही आणि ते पेशंटला बघतात ते तुकड्यातुकड्यानं, काचेवर, सूक्ष्मदर्शकातून. पक्का सुरती माणूस, नानपुऱ्याचा. बुटका, लग्न न केलेला. वर्षाचे बारा महिने अंगात एक तपकिरी अर्धा स्वेटर. सुरतेच्या वैशाखात, जिथं कातडी सोलून ठेवावीशी वाटते, तिथंही स्वेटर. कुणी विचारलं तर म्हणायचे, "सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत एसी आहे. मी तिथलाच रहिवासी. बाहेर पाहुणा म्हणून येतो." त्या स्वेटरच्या खिशात कायम खारी शिंग, म्हणजे खारे दाणे. प्रयोगशाळेत आमच्यापैकी कुणी चहाचा कप आणला तर सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, आणि ह्यांच्या टेबलाखाली मात्र शेंगदाण्याच्या सालांचा सडा.

शिव्या तर विचारू नका. सुरती माणूस सकाळपासून शिवी न देता बसला असेल तर त्याला ताप आलाय असं समजावं. साहेब काचेला शिव्या द्यायचे, मेणाला द्यायचे, वीज कंपनीला द्यायचे. त्यांच्या स्कूटरला आरसे नव्हते. मी एकदा म्हटलं, साहेब, पोलीस धरेल. तर म्हणाले, "मागचं बघून काय करायचं?" मी म्हटलं, आयुष्यभर तुम्ही दुसरं काय करताय? मेलेल्या माणसाला काय झालं होतं, तेच ना? ते इतके हसले की शिंगदाणा नाकात गेला.

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं: "खबर नथी." माहीत नाही. नवीन शिकाऊ डॉक्टर आले की पहिल्याच दिवशी त्यांना रांगेत उभं करून ते हे वाक्य मोठ्यानं म्हणायला लावायचे. "बोल. खबर नथी. अजून जोरात. लाज वाटते? डॉक्टरला हे बोलायला शिकवत नाहीत, म्हणून माणसं मरतात." पोरं ओशाळून म्हणायची. साहेबांच्या चेहऱ्यावर तेव्हा असा आनंद दिसायचा, जसा दुसऱ्यांना पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, खाताना होतो.

आता त्यांच्या खऱ्या वेडाबद्दल. एखादा पेशंट दगावला आणि कशानं ते कळलं नाही, तर घरच्यांच्या परवानगीनं आत बघता येतं. पोलिसांचं पोस्टमार्टेम वेगळं. हे फक्त शिकण्यासाठी. परवानगी मागायला बाकीचे डॉक्टर शिकाऊ पोराला पाठवतात. साहेब स्वतः जायचे आणि जमिनीवर बसायचे. कुणी हो म्हटलं तर त्याला शब्द द्यायचे की जे सापडेल ते घरी येऊन सांगेन. आणि जायचेही. कामरेजच्या पलीकडे, हजीऱ्याच्या बाजूला, कुठंही. हॉस्पिटलनं सांगितलं, नातेवाइकांना इथं बोलवा. साहेब म्हणाले, "त्यांनी आपल्याला पोर दिलं. आपण त्यांना टोकन देऊन बाकड्यावर बसवायचं? जवाब घरी जाऊन सांगायचा."

घरी गेल्यावरचे त्यांचे नियम ठरलेले. चप्पल दाराबाहेर. खुर्ची दिली तरी खाली. आधी पाणी मागायचं, मग विचारायचं, "जेवलात का?" उपाशी माणसाला जवाब सांगायचा नाही, तो जेवेपर्यंत थांबायचं. आणि त्या घरात एकही शिवी नाही. तिथले साहेब आणि प्रयोगशाळेतले साहेब एकच, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

हे मला ठाऊक, कारण ते आमच्याही घरी आले होते.

आम्ही मूळचे खानदेशातले. माझ्या वडिलांनी पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये हाडं झिजवली, मग माझा मोठा भाऊ तिथंच लागला. आम्ही राहायचो त्याच भागात, लोखंडी जिना चढून वरच्या खोलीत. अजूनही तिथंच राहतो, आता बायको-पोरासकट. तो श्रावण होता. खाडी भरून रस्त्यावर आली होती आणि भाऊ रोज मांडीभर पाण्यातून मिलमध्ये जात होता. घरात कानबाई बसायची होती. खानदेशी माणसाला कानबाई सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. ही आमची देवी, श्रावणात घरात बसवतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचा, दळायचा आणि त्याचे जाड रोट करायचे. ते फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचे. परक्याला तुकडा द्यायचा नाही, टाकायचा तर मुळीच नाही. ज्याच्या नावाचा गहू, त्यानं आपला वाटा संपवायचा.

भावाला त्याच दिवसांत ताप चढला. मग उलट्या, मग डोळे पिवळे झाले. रिक्षात घालून मोठ्या हॉस्पिटलात नेला. वॉर्डातल्या डॉक्टरनं विचारलं, काय खाल्लं होतं? माय म्हणाली, पेज. दुसऱ्या दिवशी भाऊ गेला. हसता-खेळता, मिशी फुटलेला, लग्नाला आलेला पोरगा.

आम्ही वॉर्डाबाहेर बसलो होतो तेव्हा हे तपकिरी स्वेटरवाले गृहस्थ आले आणि मायसमोर फरशीवर बसले. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, "बेन, तुमचा मुलगा कशानं गेला, मला खबर नथी. शोधायचं तर आत बघावं लागेल. तुम्ही नाही म्हणालात तरी मी हात जोडून जाईन."

बाबा भडकले. "पोर गेलं ते गेलं, आता त्याला फाडणार तुम्ही?" भाऊबंदही बोलायला लागले. मला तर त्या माणसाची मानगूट धरावीशी वाटली. आणि माय, जी भाऊ गेल्यापासून एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, "देखा. आनि माले सांगा."

बघा, आणि मला सांगा. बस, एवढंच.

पोटचं पोर कापायला दिलं, असं आमच्या गल्लीत बरेच दिवस बोललं गेलं. बाबा तिच्याशी कामापुरतंच बोलायचे. तिनं असं का केलं, हे ती कुणाला सांगत नव्हती आणि तिला विचारायची आमची छाती नव्हती.

तेराव्यानंतर साहेब आले. पाणी प्यायले, जेवलात का विचारलं. मग म्हणाले, "मूत्रपिंडात, यकृतात, फुप्फुसात रक्त उतरलंय. ते कुणी केलं, ते मात्र खबर नथी. शोधतोय." माय त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आणखी काहीतरी येईल अशी वाट बघत असल्यासारखी. ते आलं नाही. साहेब म्हणाले, "पुढच्या श्रावणात परत येतो."

आणि आले. त्याच्या पुढच्याही श्रावणात आले. दर श्रावणात यायचे.

तुम्ही म्हणाल, एवढं काय अवघड होतं? सुरतेत पावसाळ्यात असा ताप म्हटला की पानवालाही सांगतो, लेप्टो. उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरणारा जंतू. पण तेव्हा तो धरला जायचा भातशेतीत राबणाऱ्यांच्या नावावर. भाऊ शेतात कधी गेलाच नव्हता. आणि तपासण्या एक हो म्हणे, एक नाही म्हणे. बाकीचे डॉक्टर साहेबांना म्हणाले, लिहून टाका ना लेप्टो, कोण विचारतंय? साहेबांनी नाही लिहिलं. म्हणाले, "'वाटतं' आणि 'आहे', ह्या दोघांच्या मधून तापी वाहते. पोहता येत नसेल तर काठावर बसा. त्या बाईला मी अंदाज सांगणार नाही. तिनं मला अंदाजे पोरगा दिला नव्हता."

हे ऐकून माझा त्यांच्यावरचा राग गेला. खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून मी त्या माणसाचा झालो.

मला ह्या कामात ओढलं त्यांनीच. बारावी झाली, मी मिलमध्ये लागणार हे ठरलेलं. त्या श्रावणात ते आले तेव्हा मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला. त्यांनी तांब्या बाजूला ठेवला आणि माझे हात धरून बघितले. "हलत नाहीत. बेन, हे हात मला द्या." मायनं तेही दिलं. मग मी कोर्स केला आणि त्यांच्याच हाताखाली लागलो. आमचं काम असं, की माणसाच्या शरीराचा लहानसा तुकडा मेणात बसवून त्याचा ठोकळा करायचा आणि यंत्रावर त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा. तो कोमट पाण्यावर तरंगतो, तिथून काचेवर उचलायचा आणि नीट दिसावा म्हणून रंगवायचा. हात हलला की गेला.

हे मेणाचे ठोकळे साहेबांनी लोखंडी कपाटांत वर्षानुवर्षं जपले होते. जागा नाही, टाकून द्या, असा वरून निरोप आला की ते कपाटासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि अस्सल सुरतीत निरोपाचं उत्तर द्यायचे. दसऱ्याला सगळे आपापल्या यंत्रांना हार घालतात. साहेब कपाटाला घालायचे. "ह्यांच्यातल्या कितीकांना अजून जवाब द्यायचाय," म्हणायचे. त्यात माझा भाऊ होता. हार मीच आणायचो.

श्रावणातल्या त्या फेऱ्यांची आम्हाला सवय झाली होती. बाबासुद्धा त्या दिवशी दाढी करून बसायचे. माय वरण-बट्टी करायची आणि साहेब बट्टीवर तूप ओतून घेताना "हजी थोडुं, हजी थोडुं", अजून थोडं, अजून थोडं, करत डॉक्टरकी विसरायचे. जेवण झालं की हात धुऊन मायसमोर बसायचे आणि म्हणायचे, "बेन, खबर नथी." माय म्हणायची, "बरं." बस. मग ते जिना उतरायचे, आणि माय त्या रात्री जेवायची नाही. आम्हाला वाटायचं, पोराची आठवण.

घरात कानबाई परत बसली नव्हती. सणात माणूस गेला की सण मोडतो, आपल्याकडची रीतच आहे, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. एका वर्षी साहेब आले तेव्हा शेजारच्या घरात कानबाईची गाणी चालली होती. साहेब म्हणाले, "बेन, ते रोट म्हणे फार छान लागतात. मला कधी देणार?" माय पांढरीफटक पडली. बाबा सावरून घेत म्हणाले, ते परक्याला देत नाहीत साहेब, घरचाच माणूस लागतो. साहेबांनी गमतीनं गाल फुगवले. "एवढी वर्षं बट्टी खातोय, अजून परका?" माय उठून मोरीत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. ती भांडी आधीच घासलेली होती.

साहेब निवृत्त झाले तरी रोज यायचे. नव्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्यासाठी खिडकीजवळ एक खुर्ची आणि एक जुना सूक्ष्मदर्शक ठेवून दिला होता. गेल्या वर्षी होळीनंतर एकदा त्यांनी मला हाक मारली. "ये, ही काच बघ." मी डोळा लावला. इतकी वर्षं काप काढून आम्हालाही थोडंफार कळतं. यकृताचा तुकडा होता आणि चांगलं काहीच नव्हतं त्यात. मी म्हटलं, "साहेब, खराब आहे. कुणाचं?"

"माझं," ते म्हणाले. "पण तू रंग झकास चढवलायस. शाबास." आणि खिशातून खारी शिंग काढून माझ्या हातावर ठेवली. मला ती खाता येईना, टाकता येईना. मी मूठ मिटून तसाच उभा राहिलो.

त्यानंतर त्यांना घाई झाली. बाहेरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत नवी तपासणी निघाली होती. मेणात वर्षानुवर्षं पडलेल्या तुकड्यातूनही जंतूचा माग लागतो म्हणे. साहेबांनी कपाट उघडलं, भावाचा ठोकळा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "कापशील? दुसऱ्याला सांगू?"

मी म्हटलं, मीच. तो ठोकळा यंत्रावर लावताना मला भावाचा आवाज आठवेना. चेहरा आठवत होता, मांडीभर पाण्यात डबा डोक्यावर धरून चाललेला तो आठवत होता, पण आवाज नाही. मी काप काढले. हात हलला नाही. नंतर संडासात जाऊन रडलो.

निकाल आला तोवर साहेब आमच्याच हॉस्पिटलात दाखल झाले होते. मी कागद घेऊन धावत गेलो. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. लेप्टो. पक्का. त्यांनी कागद छातीवर ठेवला आणि माझ्याकडे बोट रोखलं. "घरी तोंड उघडायचं नाही. जवाब माझा आहे. मी जाऊन सांगणार."

"साहेब, तुम्हाला बसवत नाही."

"मग निजून सांगीन. पण तिच्या घरी."

ते दिवस मला फार जड गेले. आषाढ चालला होता. घरी गेलो की माय विचारायची, "डाक्तर या साली येतीन ना?" तिला त्यांच्या दुखण्याचं कळलं होतं. कधी नव्हे ती रोज विचारायला लागली. आणि जवाब माझ्या पोटात. वॉर्डातले डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, श्रावण नाही दिसायचा त्यांना. मी साहेबांना म्हटलं, मी मायला इथं आणतो, पाया पडतो तुमच्या. तर त्या अवस्थेतही मला अशी शिवी हासडली की शेजारच्या खाटेवरचा आजोबा उठून बसला.

शेवटी त्यांनीच एका दुपारी नर्सशी गोड बोलून, स्वेटर चढवून, मला रिक्षा आणायला लावली. मनगटावर सलाईनची सुई तशीच चिकटवलेली. खाली उतरेपर्यंत धाप लागली. उधन्याच्या पुलावर मला म्हणाले, "जेवली असेल ना ती?" मी म्हटलं, असेल.

आमचा तो लोखंडी जिना त्यांना चढवेना. पहिल्याच पायरीवर बसले. "इथंच. पायरी म्हणजे घरच." मी मायला हाक मारली. ती पदर सावरत खाली आली, त्यांना बघून कठड्याला धरून उभी राहिली. एवढासा झाला होता माणूस. स्वेटरच तेवढा पूर्वीचा.

"बेन, पाणी द्या." ती धावत वर जाऊन घेऊन आली. त्यांनी ओठ ओले केले. "जेवलात?" ती म्हणाली, हो. मग ते नीट बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "जवाब आलाय. लेप्टो होता. खाडीच्या पाण्यातून, पायाच्या एखाद्या चिरेतून आत शिरला. आता खबर आहे, बेन. पक्की. एवढी वर्षं लागली, माफ करा."

मला वाटलं माय रडेल, हात जोडेल. पण ती पूर्वीसारखीच त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, अजून काहीतरी यायचंय अशी. मग म्हणाली, "आनि रोट?"

"कसला रोट?"

"कानबाईना रोट." तिचा आवाज इतका बारीक होता की मला पुढं वाकावं लागलं. "त्याले ताप व्हता. तो नही म्हने. त्याना वाटा उरी जाई म्हनीसन मी जबरदस्ती खावाडा. मंग उलटी व्हयनी त्याले. वॉर्डमा मी खोटं बोलनू, पेज दिधी म्हनीसन. मीच जीव लिधा ना त्याना?"

तापातल्या पोराला नको म्हणत असताना बळंच रोट खाऊ घातला, म्हणून आपणच त्याचा जीव घेतला, असं तिला वाटत होतं. एवढी वर्षं ही बाई एकाच घरात आमच्याबरोबर राहत होती, भाकरी थापत होती, आणि हे तिच्या आत होतं. म्हणून तिनं पोरगा बघायला दिला होता. म्हणून साहेब येऊन गेले की ती रात्री जेवत नव्हती. त्यांनी खबर नथी म्हटलं की तिला वाटायचं, अजून एक वर्ष.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "बेन, पोट तर मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. त्यात काही वाईट नव्हतं. जेवणानं तो नाही गेला. रोटानं तर नाहीच. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. तुम्ही एकदा विचारलं असतं…"

माय रागानं नाही, अगदी सहज म्हणाली, "माले काय जाननं शे, हाई तुम्हीन कधी इचारं?"

मला काय जाणून घ्यायचंय, हे तुम्ही कधी विचारलंत?

स्वतःचं मरण काचेवर बघून शाबास म्हणणारा तो माणूस कठड्यावर कपाळ टेकून रडायला लागला. आवाज न करता, स्वेटर हलत होता तेवढाच. माय त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. मग तीही रडली. तेव्हा, इतक्या वर्षांनी. गल्लीतली माणसं बघत होती, मी त्यांना हातानंच जा म्हटलं.

परतीच्या रिक्षात साहेबांनी पूल येऊ दिला. मग म्हणाले, "मी दर वर्षी तिच्या घरी जाऊन खबर नथी म्हणत होतो. आणि मला खबर होती." नंतर हॉस्पिटल येईपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना खाटेभोवती गोळा केलं. बोलताना धाप लागत होती, तरी शिव्या चालू होत्या, त्यामुळे पोरांना जरा बरं वाटलं. म्हणाले, "परवानगी मागण्याआधी घरच्यांना विचारायचं, तुम्हाला काय जाणून घ्यायचंय? आधी त्याचा जवाब द्यायचा. आपला प्रश्न नंतर." एक पोरगी लिहून घ्यायला लागली. साहेब खेकसले, "लिहितेस काय? विचार जाऊन!"

आणि आता ते विचारतात. सगळे नाही, पण विचारतात. कधी कधी मी तिथं असतो, अहिराणी समजणारा म्हणून मला बोलावतात. जंतूचं नाव कुणी विचारत नाही हो. एक बाई विचारत होती, मी त्याला अंघोळ घातली म्हणून का? एक बाप विचारत होता, गावाला नेऊन आणण्यात दोन दिवस गेले, त्यामुळे का? बऱ्याचदा नाही, असंच उत्तर असतं, आणि ते तिथल्या तिथं देता येतं. फलकावर हे नाही. कुंडी हलवली तरी नाही.

साहेब आषाढातच गेले. देह त्यांनी हॉस्पिटललाच दिला होता. त्यामुळे ना चिता, ना अस्थी. मायला नमस्कार करायला काहीच उरलं नाही. ती दोन दिवस दाराशी बसून जिन्याच्या त्या पहिल्या पायरीकडे बघत होती.

श्रावण लागला तेव्हा तिनं गव्हाचा डबा खाली काढला. कुणाला विचारलं नाही, कानबाई बसवायची हे सांगितलंही नाही. सुपात सव्वा मूठ घातली, बाबांची. सव्वा मूठ माझी. सव्वा मूठ माझ्या पोराची. मग हात परत डब्यात गेला.

बाबा म्हणाले, "हाई कोनी?"

"त्यासनी," माय म्हणाली.

त्यांची. बाबांनी सूप पुढं ओढलं आणि ते गहू निवडायला बसले.

ज्याच्या नावाचा गहू, त्यानं आपला वाटा संपवायचा. साहेबांचा वाटा संपवायला मी हात पुढं केला तर मायनं तो बाजूला सारला. रोट आपल्या ताटात घेतला, त्यावर तूप घातलं, अजून थोडं, अजून थोडं. भाऊ गेल्यापासून तिनं रोटाला हात लावला नव्हता. आधी घोटभर पाणी प्याली आणि मग सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत तिनं तो खाल्ला.